दुसरी जोडी

मिस्त्रींनी पलंगावर पडल्या पडल्या गिरमिट मागितलं.

"काय मागितलंत?" लेकीने स्वयंपाकघरातून विचारलं. तिला नीट ऐकू आलं होतं, पण आपण चुकीचं ऐकलं असावं अशी तिची आशा होती.

"गिरमिट. भोकं पाडायचं. खाली खिडकीपाशी खुंटीला टांगलंय."

रंधा आणि कानस आधीच उशाशी येऊन पडले होते. चादरीवर भुसा, पायाशी लाकडाच्या सालींचा ढीग. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, खुब्याचं हाड मोडलेलं, दवाखान्यातून घरी येऊन चारच दिवस झालेले, आणि तीन दिवस हा उद्योग चाललेला. उद्यापर्यंत हे उभे राहिले तर राहिले, नाहीतर पलंग सुटणं कठीण, असं डॉक्टरांनी लेकीला दाराबाहेर नेऊन हळूच सांगितलं होतं. मिस्त्रींचे कान मात्र अजून पंचविशीतले होते.

"दुकानात तयार कुबड्या मिळतात, बाबा. मी आत्ता जाऊन आणते."

"बावन्न वर्षं गावाला सांगतोय, विकत घेऊ नका, माझ्याकडून न्या. आणि आता मीच विकत घेऊ?"

शाळेची बाकं, वाचनालयाची कपाटं, ओढ्यावरचा लाकडी पूल, सगळं त्यांनी सुट्टीच्या दिवशी फुकट केलेलं. स्वतःचा पलंग मात्र कूस बदलली की ओरडायचा. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! पण गावात त्यांचं नाव निघायचं ते कुबड्यांच्या एका जोडीमुळे. हेडमास्तरांचा पाय मोडला तेव्हा मिस्त्रींनी ती केली, आणि तेव्हापासून ती घरी फारशी टेकलीच नाही. आज याचा पाय, उद्या त्याचा. दर माणसाच्या उंचीप्रमाणे मिस्त्री खालच्या दांड्याला नवं भोक पाडत आणि खिळा तिथे बसवत. दांड्याची पार बासरी झाली होती. अट एकच. परत करताना कुबड्या खांद्यावर टाकायच्या आणि स्वतःच्या पायांनी चालत दारापर्यंत यायचं.

लेक गिरमिट घेऊन वर आली ती एकटी नाही. तिच्यामागे एकेक पायरी मोजत शिंपीणबाई आल्या. ती जुनी जोडी सध्या त्यांच्याकडेच होती, आणि त्या तिच्यावरच भार टाकून उभ्या होत्या. दोघींनाही धाप लागली होती.

"मिस्त्रीकाका, या तुमच्या तुम्ही ठेवून घ्या. मी भिंत धरून चालेन."

"खांद्यावर आणल्यास का?"

"अहो काका, आता कसली अट घेऊन बसलाय..."

"नाही ना आणल्यास? मग मी घेत नाही. घरी जा. आणि इतक्यात शिलाई मशीनच्या पेडलला पाय लावू नकोस."

शिंपीणबाईंनी लेकीकडे पाहिलं. लेकीने कपाळाला हात लावला. "तीन दिवस हेच ऐकतेय मी," ती म्हणाली. शिंपीणबाई आल्या तशा एकेक पायरी मोजत खाली उतरल्या.

मिस्त्रींनी नव्या कुबडीचा दांडा मांडीवर आडवा घेतला. गिरमिट फिरवलं की तो निसटत होता.

"जरा धरतेस का?"

"मी नाही धरणार. हट्ट तुमचा, तुम्हीच निभावा."

"बरं. निदान माप तरी घे."

गावातल्या प्रत्येकाचं माप मिस्त्रींना तोंडपाठ होतं, फक्त स्वतःचं नव्हतं. लेकीने फणकाऱ्याने टेप काढली आणि काखेपासून टाचेपर्यंत लावली. मिस्त्रींनी पेन्सिलीने खूण केली. दांडा छातीशी दाबून, घामाघूम होत त्यांनी भोक पाडलं, मग दुसऱ्या दांड्याला पाडलं. खिळे बसवले.

"आता उठव मला."

लेकीने पाठीला हात दिला. पहिल्या खेपेला ते अर्ध्यातूनच खाली बसले. दुसऱ्या खेपेला त्यांनी दात आवळले, कुबड्या काखेत घेतल्या आणि ते उभे राहिले. कुबडी कुठेही करकरली नाही. मनातल्या मनात दहा आकडे मोजून ते खाली बसले.

लेकीने तोंड फिरवून डोळे पुसले. आता हा पसारा आवरावा म्हणून तिने झाडू घेतला, तर पाठीमागे पुन्हा गिरमिट कुरकुरायला लागलं. मिस्त्रींनी खिळा काढून दांडा परत मांडीवर घेतला होता.

"आता काय? तुमचं भोक झालं ना?"

"माझं झालं. हे बेकरीवाल्याचं."

"त्याचे पाय धडधाकट आहेत!"

"आज आहेत. ओल्या फरशीवरून धावतो तो. आणि ही खूण पोस्टमनची. त्याच्या सायकलचे ब्रेक बघितलेस?"

लेकीला हसू आवरेना. दांड्यावर पेन्सिलीची आणखी एक खूण होती, जरा खाली.

"आणि ही कुणाची?"

"तुझी. फोनमध्ये डोकं घालून जिना उतरतेस."

तिचं हसू मध्येच थांबलं. झाडू तिच्या हातात तसाच राहिला.

"सगळ्यांना देत सुटलात, तर मग तुम्ही कशाने चालणार, बाबा?"

"पायांनी," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी गिरमिटाचं टोक खुणेवर टेकवलं.

लेकीने झाडू भिंतीला लावला. ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिने दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.