आतलं काम बाकी

करंजाड्यातले बिल्डर प्रितमशेठ यांनी आपल्या नव्या वेबसाइटवरचं 'बुकिंग'चं बटण दाबलं, तर काहीच होईना. वेबसाइट बनवणारी नशरा घाईघाईने सांगू लागली.

"शेठ, पेजचं डिझाइन तयार आहे. आतला प्रोग्रॅम आम्ही वेगळा लिहितो, तो नंतर जोडतो."

चिडायचं सोडून शेठ खूश झाले. "आमचं पण तसंच हाय! चला म्याडम, बिल्डिंग दाखवतो."

समोरून सात मजले, ताजा रंग, बाल्कन्या, सगळं झकास होतं. नशरा दारातून आत शिरली, तर मागे नुसतं मोकळं रान आणि भिंतीला बांबूंचे टेकू. गवतात सोफा टाकून एक कुटुंब चहा पीत बसलं होतं.

 

त्यातल्या काकू तिला म्हणाल्या, "अगं, चपला बाहेर काढ ना. हा आमचा हॉल आहे."