गाळलेली ओळ

तमिळ माणसाशी लग्न केलं म्हणून शद्रखदादाने रिबेकाला आईच्या मातीलाही येऊ दिलं नव्हतं. तोच दादा आज नगरहून चेन्नईला येऊन तिच्या अंबत्तूरच्या दारात उभा होता. “चुकलो गं. माफ कर,” म्हणत त्याने आईची पांढरी साडी पुढे केली. सुखासुखी हा एवढ्या लांब यायचा नाही, रिबेकाला वाटलं. तिने साडीची एकेक घडी झटकून पाहिली. आईच्या घरावरचा हक्क सोडल्याचा कागद काही निघाला नाही. “सही कुठे हवीय?” तिने विचारलं. “कुठेच नको,” पुटपुटत तो खाली मान घालून वळला. “थांब. माफ केलं असं खोटं बोलणार नाही. पण उपाशी जाऊ नकोस.” धुसफुसतच तिने भात वाढला. जेवणाआधी दोघांनी प्रभूची प्रार्थना म्हटली. त्यातली ‘जशी आम्ही इतरांना क्षमा करतो, तशी तू आम्हाला कर’ ही ओळ ती वर्षानुवर्षं गाळत आली होती. आज ती तिने म्हटली, दादावरची नजर न हटवता.