साडीची झोळी

दरीत पडलेल्या ट्रेकर्सना वर काढणाऱ्या पथकात गंधालीने नाव घातलं, तेव्हापासून क्षमाताई लेकीशी धड बोलत नव्हत्या. दोराला लोंबकळणारी पोर डोळ्यांसमोर यायची. रविवारी मुलुंडच्या घरात गंधाली प्रथमोपचाराची बॅग भरत बसली. रक्त थांबवायच्या पट्ट्या, मोडल्या पायाला बांधायच्या फळ्या, हातमोजे, कात्री, सगळं आलं होतं. हात गळ्यात अडकवायची तिकोनी फडकी मात्र दुकानात मिळाली नव्हती. क्षमाताई आतून जुनी, मऊ सुती साडी घेऊन आल्या. “ही काप आणि आधी माझ्या हाताला बांध. तुला येतं का बघू दे.” गंधालीने साडी कापली, आईचा हात हळूच दुमडून मानेमागे गाठ मारली. “रुततंय का, आई?” “नाही. झकास बांधलंस.” गंधाली गाठ सोडायला वाकली. “राहू दे गं जरा,” म्हणत क्षमाताई दुसऱ्या हाताने बॅग भरू लागल्या.