रंग सांग

लिलाव सुरू व्हायच्या आधी अच्युतरावांनी फुलदाणी मांडीवर घेतली आणि तिच्या बुडाखालून बोट फिरवलं. मधोमध, काच फुंकायची नळी तोडल्याची खूण घासून गुळगुळीत केलेली टिकली बोटाला लागली. जुनी स्कॉटिश काच, शंकाच नको! पण डोळे गेल्यापासून रंग मात्र बोटांना कळत नव्हता.

“अगं, रंग सांग ना.”

“खाली तोंडल्यासारखा हिरवा,” सुमतीबाई कुरकुरत म्हणाल्या. “वर जांभळाचा रस झिरपलाय. मधे भाजलेला रवा सांडल्यासारखे सोनेरी कण. पण घरातली कपाटं आधीच ओसंडून चाललीत. धूळ कोण पुसतं? मीच!”

अच्युतराव हसले. स्कॉटलंडात घर केल्यापासून एकही लिलाव असा गेला नव्हता, की ऐन वेळी बायकोने बोलीसाठी उचललेलं त्यांचं कोपर खाली ओढलं नाही.

फुलदाणीचा पुकारा झाला. त्यांनी शेजारच्या खुर्चीवर बोलीसाठी वर धरायची नंबराची पाटी चाचपली. पाटी जागेवर नव्हती! खिसे, पिशवी, पायाखालची जमीन, सगळीकडे ते धुंडाळत राहिले आणि इकडे बोली चढतच गेली. शेवटी हातोडा वाजला.

“गेली!” ते हिरमुसून म्हणाले. “आज कोपर सोडून पाटीच लपवलीस होय?”

“लपवते कशाला? केव्हाची वर धरून बसलेय, हात भरून आला माझा,” म्हणत सुमतीबाईंनी पाटी त्यांच्या हातात ठेवली. “घेतली आपण. पण आता धूळ तुम्ही पुसायची. रंग मी सांगेन.”