टाक्याच्या पलीकडे

“बाळाचे ठोके छान आहेत, कळाही चांगल्या येताहेत. थोडा धीर धर,” डॉक्टर परुळेकर म्हणाल्या.

हेमांगीलाही तेच हवं होतं. पहिल्या वेळी सिझर झालं होतं. दुसरं बाळंतपण तरी नॉर्मल व्हावं म्हणून ती घरच्यांशी भांडली होती. पण आता कळ ओसरली की तिला विचित्र वाटायचं. पोटातलं बाळ लाथ मारत नव्हतं, कूस बदलत नव्हतं. दाराआड कुणी श्वास रोखून उभं राहावं, तसं ते थांबून होतं.

“मॅडम, सिझर करा. आत्ताच.”

“का गं? जुना टाका दुखतोय?”

“नाही. पण बाळ घाबरलंय.”

डॉक्टरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि थिएटर तयार करायला सांगितलं.

थिएटरमध्ये डॉक्टरांनी पोट उघडलं. जुन्या टाक्याच्या जागी गर्भाशय विरून काचेसारखं पारदर्शक झालं होतं. आणखी दोन-चार कळांत ते फाटलंच असतं. त्या पापुद्र्याआडून बाळ टक्क उघड्या डोळ्यांनी डॉक्टरांकडे बघत होतं.

मुलगा रडला, पण त्याचे डोळे काही मिटेनात. नर्सने त्याला हेमांगीच्या गालाशी धरलं, तेव्हा कुठे त्याने पापण्या मिटल्या.