प्रवेश नाकारला

सासरेबुवा शहराच्या पाणीपुरवठ्याचे सर्व्हर सांभाळत. बसमध्ये त्यांचा लॅपटॉप चोरीला गेला आणि त्यासोबत सर्व्हरचं दार उघडणारं डिजिटल प्रमाणपत्रही. चोराने मनात आणलं तर साऱ्या शहराचं पाणी बंद! फोन करताच मुख्य कचेरीने प्रमाणपत्र रद्द केलं. पण रद्द प्रमाणपत्रांची यादी सर्व्हरवर चढेपर्यंत सर्व्हरला त्याचा पत्ताच नसतो. ती यादी ते रोज स्वतः चढवत. त्यांच्याच कचेरीत काम करणाऱ्या सुनेने कालच ते काम आपोआप करणारा प्रोग्रॅम बसवला, तेव्हा त्यांनी नाक मुरडलं होतं, "भरवशाच्या म्हशीला टोणगा, सूनबाई!"

धापा टाकत ते कचेरीत शिरले. यादी चढवण्यासाठी कपाटातली त्याच प्रमाणपत्राची जादा प्रत त्यांनी सर्व्हरला लावली. 'प्रवेश नाकारला.' पुन्हा लावली. पुन्हा तेच.

"मेलो! चोराने आत शिरून मलाच बाहेर काढलं गं!"

सुनेने पडद्याकडे पाहिलं. "म्हशीला पारडी झाली, बाबा. यादी कधीच चढलीय. तुमचं प्रमाणपत्र आता चालायचं नाही."

"चोराच्या हातातलंही?"

"कुणाच्याच."

सासरेबुवा मटकन खुर्चीत बसले. मग त्यांनी ती प्रत तिसऱ्यांदा लावली, तो नकार एकदा डोळे भरून बघायला.