मागची बाजू

सकाळपासून मी मतदान केंद्र झालेल्या शाळेसमोर, प्रचाराची हद्द दाखवणाऱ्या खडूच्या रेघेबाहेर स्वतःच्याच नावाचा फलक धरून उभी होते. शाळा मंडळावर निवडून आले, तर ही शाळा बंद पडू देणार नव्हते. आमच्याकडे राज्यपालापासून न्यायाधीशांपर्यंत सगळेच मतांनी निवडतात; ते मतपत्रिकेच्या पुढच्या बाजूला, आम्ही शाळा मंडळवाले मागे. आत जाणाऱ्यांना मागे बघायला सांगून घसा बसला, तरी बाहेर येताना तेच, "अरेच्चा, मागेही होतं?" संध्याकाळी ओडमबाई बाहेर आल्या. जन्मभर याच शाळेत परीक्षेला ओरडायच्या, "पान उलटा, मागेही प्रश्न आहेत!" त्यांना काय शिकवायचं, म्हणून आत जाताना टोकलं नव्हतं. "बाई, मागचं मत मलाच ना?" त्यांचा चेहरा उतरला. "थांब डेलोरिस, कागद परत मागते." "मतं मोजायच्या मशीननं गिळला तो. दिलेला पेपर परत मिळत नाही, तुमचाच नियम." बाईंनी फलक हिसकावला. "तू बस जरा," म्हणाल्या आणि आत निघालेल्यांवर खेकसल्या, "पान उलटा!"